कडक गादी आणि कुशीवर झोपणारी माणसं

माणूस दारातून आत येताना त्याच्या चालण्यावरून तो कसा झोपतो हे मी ओळखतो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. गिऱ्हाइकांना सांगितलं, घरी आलेल्या साळ्यांना सांगितलं, एकदा तर मेट्रोत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगितलं. तो पुढच्या स्टेशनवर उतरला. त्याचं स्टेशन तेच होतं की नाही, मला माहीत नाही.

माझं नाव चंद्रभान धकाते. वर्धा रोडवरच्या गाद्यांच्या एका शोरूममध्ये मी सेल्समन आहे, पण छातीवरच्या पाटीवर 'निद्रा सल्लागार' असं लिहिलेलं आहे. ही पदवी मला एका दुपारी मिळाली. कंपनीचा एक माणूस आला होता, त्यानं आम्हाला तर्री-पोहा खाऊ घातला आणि पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की जगात तीन प्रकारची माणसं असतात. पाठीवर झोपणारी, कुशीवर झोपणारी आणि पोटावर झोपणारी. पोहा संपला तेव्हा आम्ही सगळे सल्लागार झालेलो होतो.

मूळचा मी उमरेडचा, कोष्ट्याचा पोरगा. माझे वडील नत्थूजी हातमागावर लुगडी विणायचे. त्यांच्या काठाची ओळ अशी सरळ जायची, की बायका बोट फिरवून पाहायच्या. मलाही त्यांनी मागावर बसवून पाहिलं. माझ्या हातचं पहिलं कापड उलगडून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे लुगडं हाये का उमरेड-नागपूरचा रस्ता?" त्या काळी तो रस्ता आतासारखा नव्हता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला एसटीत बसवलं आणि नागपूरला इतवारीत गणपतरावांच्या रुईच्या गाद्यांच्या दुकानात लावून दिलं. तिथं मी कापूस पिंजला, खोळी भरल्या, दाभणानं टाके घातले. टाके इथेही वाकडेच पडायचे, पण गादीवर चादर पडते. ज्या धंद्यात आपलं काम झाकलं जातं तोच आपला धंदा, हे मला तेव्हा पटलं.

गणपतराव गेले. त्यांचा मुलगा सौरव शिकून आला, त्यानं इतवारीतल्या दुकानाचं गोडाऊन केलं आणि वर्धा रोडला हे काचेचं शोरूम काढलं. मला त्यानं सोबत आणलं. माझे गुण बघून आणलं असं म्हणायला मला आवडेल. पण सामान हलवताना जुनं कपाटही टेम्पोत चढतं, तसा मी चढलो.

दोन उन्हाळ्यांमागे आमच्याकडे स्प्रिंगची एक नवीन कडक गादी आली. हात दाबला तर जेमतेम दबायची. सौरवबाबूनं तिचा पुष्कळ माल उचलून ठेवला होता, तेव्हा ती खपवणं भाग होतं. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. आपल्या लोकांचा असा विश्वास असतो, की जे अंगाला बोचतं ते प्रकृतीला चांगलं असतं. कारलं चांगलं, थंड पाण्याची आंघोळ चांगली, तशी कडक गादी चांगली. मी फक्त म्हणायचो, "पाठीला आधार आहे." लोक मान हलवायचे. पाठ कोणाची दुखत नाही?

मिनल नावाची मुलगी अशीच आली. मिहानमधल्या एका कंपनीत इंजिनियर, एकटी खोली करून राहणारी, अंगानं इतकी बारीक की गादीवर पडली तरी स्प्रिंगांना पत्ता लागला नसेल. तिला एका माणसाची गादी हवी होती. सँडल काढून ती कुशीवर आडवी झाली.

"असं नाही," मी म्हटलं. "पाठीवर झोपा. कमरेखाली स्वतःचा हात घालून बघा. आरपार गेला तर गादी जास्त कडक. जातच नसेल तर जास्त नरम. अडकत अडकत गेला तर तुमच्यासाठीच बनली."

"पण काका, मी कुशीवर झोपते."

"कुशीवर कोणी रात्रभर राहत नाही, ताई," मी म्हटलं. हे कोणत्या चित्रात होतं मला आठवत नाही. बहुतेक मीच काढलं असेल. "आणि तुमच्या चालण्यावरून मी सांगतो, तुम्ही मुळात पाठीवरच्या आहात."

तिनं गादी घेतली. काही दिवसांनी ती परत आली तेव्हा डावा खांदा उजव्या हातानं धरून चालत होती. या चालण्यावरून मात्र कोणालाही कळलं असतं.

"काका, सकाळी उठले की हात बधिर असतो. खांदा आणि कमरेचं हाड, दोन्ही ठणकतात."

मी माझं ठरलेलं भाषण काढलं. नवीन गादी म्हणजे नवीन चप्पल, थोडी चावते, मग पायाची होते. शरीराला वाईट सवय लागलेली असते, तिला मोडायला वेळ लागतो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे विचारलं,

"तुमच्या घरी कोणती गादी आहे?"

आमच्या घरी सतरंजी आहे आणि तिच्यावर गोधडी. बाबांची तेवढी नवारीची खाट. मी म्हटलं, "माझं काय, मी पाठीवरचा माणूस. मला कुठंही झोप येते."

"म्हणजे या गादीवर तुम्ही कधी झोपलाच नाहीत?"

सौरवबाबू मागेच उभा होता. त्यानं तिची माफी मागितली, दुसरी नरम गादी त्याच दिवशी पाठवतो म्हणाला, आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळला. त्याच्या वडिलांसारखा तो ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काकाजी, वापस आलेली गादी तर आपण विकू शकत नाही. तुम्ही घरी घेऊन जा. घरातल्या सगळ्यांना झोपवा एकेकाला. मग मला सांगा, ही कोणाला द्यायची न कोणाला नाही."

हे बक्षीस होतं की शिक्षा, हे मला टेम्पोत बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

आम्ही तांडापेठेत वरच्या मजल्यावर राहतो. जिना असा आहे की जाड पाहुण्यालाही जरा तिरकं व्हावं लागतं. रुईची गादी वळकटी करून डोक्यावर नेता येते. स्प्रिंगची गादी वाकत नाही. हे मी गिऱ्हाइकांना गुण म्हणून सांगायचो. शेवटी दोर बांधून गॅलरीतून ती वर ओढली, आणि सगळी गल्ली बघायला जमली. खालून शेजारचे गजभिये ओरडले, "काय गा चंद्रभान, पोरीचं जमलं का? सांगतलं नाई!"

माझी मुलगी धनश्री नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं वरून दोर अर्धा सोडून दिला. "पप्पा, आधी खाली जाऊन सांगा कोणाचं काय जमलं ते."

मी खाली जाऊन सांगितलं. कोणाला पटलं नाही. लग्नाशिवाय घरात नवी गादी येते, हे आमच्या गल्लीत अजून ऐकिवात नव्हतं.

माझी सुट्टी बुधवारी असते. त्या बुधवारी जेवणं झाल्यावर मी कूलर लावला, गादी मधोमध टाकली आणि घरच्यांना समोर बसवलं. आधी थोडं प्रात्यक्षिक करावं म्हणून गादीच्या एका टोकाला पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला. "आता मी या बाजूला बसतो. ग्लास हलणार नाही." हा प्रयोग दुकानात दुसऱ्या, महागाच्या गादीवर करतात, जिच्यात प्रत्येक स्प्रिंग सुटी असते. या गादीच्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या. मी बसलो, ग्लास उडाला आणि पाणी बाबांच्या धोतरावर गेलं.

"गादी हाये का टांगा?" बाबा म्हणाले.

धोतर बदलून पहिला नंबर त्यांचाच लागला. बाबा ऐंशीच्या पुढचे आहेत. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यामुळे त्यांची कंबर आता सहज सरळ होत नाही. ते पाठीवर झोपले, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि छताकडे बघत म्हणाले, "असं वाटून राहिलं, का तुमी मले नेऊन राहिले." धनश्रीला हसू आवरेना. पण मग ते काही बोलेचनात. बघतो तर त्यांचा डोळा लागलेला. बऱ्याच वेळानं उठले, आणि उठले म्हणजे कसे, गादीच्या काठावर हात टेकून स्वतःचे स्वतः उभे राहिले. नवारीच्या खाटेतून त्यांना काढायला रोज एक माणूस लागतो. खाट मध्ये झोळीसारखी खाली गेलेली आहे.

"कसं वाटलं, बाबा?"

"मले काय, चांगली हाये. पण गरम काहून नाई लागत हिच्यात?"

आत हवा खेळते, स्प्रिंगा असतात, असं मी समजावून सांगितलं. पहिल्यांदाच मी त्या गादीविषयी काही खरं सांगत होतो.

धनश्री पोटावर पडली, हातात मोबाईल. पोटावर झोपणाऱ्याला नरम गादी वाईट, कंबर खाली जाते, पाठीला बाक येतो, म्हणून ही कडक बरी, हे मी तिला सांगत होतो तोवर ती म्हणाली, "ठीक आहे." नर्सिंगचं शिकते, माणसाच्या मणक्याचं तिला माझ्याहून जास्त कळतं, पण तिचा अभिप्राय तेवढाच.

मग माझा नंबर. मी सगळ्यांना म्हटलं, "आता बघा, पाठीवर झोपणारा माणूस कसा झोपतो." सरळ पडलो. कमरेखाली हात घालून दाखवला. पोट मोठं असलेल्या माणसाला कडक गादी का मानवते, यावर बोलू लागलो. बोलता बोलता कूलरची हवा लागली.

जाग आली ती हसण्यानं. धनश्री मोबाईल धरून उभी, तिच्यामागे माझी बायको गोपिका पदर तोंडाला लावून, आणि बाबांनाही खोकल्यासारखं हसू येत होतं. माझं तोंड गादीत दाबलेलं, एक पाय पोटाशी घेतलेला, दोन्ही हात पसरलेले, आणि कंपनीच्या निळ्या कापडावर लाळेचा एक ओला गोल. मी पालथा होतो.

"गादीनं उलटवलं," मी म्हटलं.

"गादी काय उलटवते?" गोपिका म्हणाली. "तुमी लग्नापासून असेच झोपता. बेडकासारखे."

"मी? मी तर पाठीवर..."

"पाठीवर पडता. मंग डोळा लागला का पालथे."

"मंग इतके दिवस सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं का?"

अख्ख्या नागपूरला मी सांगत होतो की तुम्ही कसे झोपता, आणि माझ्याच पाठीचा मला पत्ता नव्हता. धनश्रीनं तो फोटो कुठं कुठं पाठवला हे मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सौरवबाबू माझ्याकडे बघून नुसताच हसला.

गोपिकाचा नंबर राहिला होता. ती टाळत होती. डाळ शिजायची आहे, कपडे वाळलेत, चहाची वेळ झाली. शेवटी धनश्रीनं तिला धरून आणलं. ती डाव्या कुशीवर पडली, बाबांच्या खाटेकडे तोंड करून, गुडघे जरा पोटाशी घेऊन. "पाठीवर होऊन बघ वं," मी म्हटलं. ती झाली नाही. थोड्या वेळानं उठून बसली.

"चांगली हाये," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

हा सूर मला माहीत होता. गिऱ्हाईक याच सुरात 'चांगली आहे, सांगतो' म्हणतं आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकत नाही. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तिचा हात डाव्या खांद्यावर होता.

"बोचते?"

"बोचते. हाडाले लागते."

"मंग उजव्या कुशीवर काहून नाई झोपत?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुकानात एखाद्यानं गादीला 'रजई' म्हटल्यावर बघतो. "उजवा खांदा आधीच गेला नं. कांड्या भरून भरून."

लग्न होऊन ती उमरेडला आली तेव्हा बाबांचा माग चालू होता. मी आठवडाभर इतवारीत. ती चरखा फिरवून सुताच्या कांड्या भरायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, उजव्या हातानं. तो खांदा दुखतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मधूनमधून ती बाम मागायची, मी आणून द्यायचो. पण दुखरा खांदा आणि झोपायची कूस यांचा काही संबंध असतो, हे निद्रा सल्लागाराच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अन् तिकडे तोंड केलं म्हणजे मामाजी दिसतात," ती म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "खाटेतून त्याईले एकट्यानं उठता येत नाई. हाक मारायचं त्याईच्या जिवावर येते. पाय हलले का मले समजते."

मग खरं ते बोललो. "मले वाटे, तू रागानं पाठ करून झोपते."

"रागानं बी करते," गोपिका म्हणाली. "रोज नाई."

त्या आठवड्यात मी दुकानात फारच कमी विकलं. कोणी कुशीवर आडवं झालं, की मला बोलणंच सुचेना. रविवारी सकाळी शोरूमला जायच्या आधी इतवारीच्या गोडाऊनमध्ये गेलो, सौरवबाबूला फोन करून विचारलं आणि कोपऱ्यात पडलेला चांगला कापूस पिंजून घेतला. नवी खोळ शिवून घेतली. पुढच्या बुधवारी गॅलरीत बसून गादी भरली. खांद्याच्या जागी कापूस जरा जास्त, पण दाबून नाही, मोकळा. दाभण हातात धरून बरीच वर्षं झाली होती. दोनदा बोटात गेलं. बाबा दारात बसून बघत होते.

"टाके वाकडे पडून राहिले," ते म्हणाले.

"वरून चादर येते, बाबा."

"चादर येते म्हणून काय झालं? डाव्या हातानं खोळ ताणून धर." मग राहवेना तेव्हा पुढं सरकून त्यांनीच ती ताणून धरली. तेवढी एक ओळ सरळ आली. बाकीच्या माझ्या आहेत.

नवारीची खाट आम्ही भंगारवाल्याला दिली. गजभियांच्या ओळखीनं एक जुना लाकडी दिवाण मिळाला, त्यावर कडक गादी टाकली आणि ती बाबांची झाली. ते आता पडतात तेव्हा नेऊन राहिल्यासारखं वाटतं असं म्हणत नाहीत. रात्री स्वतः उठतात, स्वतः जातात, स्वतः येतात. पहिले दोन-चार दिवस गोपिका सवयीनं उठून बसायची. मग बाबाच तिला रागावले, "झोप नं बाई, मी का आता लहान हाये का?"

रुईच्या गादीवर ती पहिल्यांदा दुपारी झोपली. घरात सगळं काम आवरलेलं होतं, तरी ती तीनदा विचारून गेली की काही राहिलं का. मग पडली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि उजवीकडेच राहिली, म्हणजे भिंतीकडे तोंड करून, बाबांकडे पाठ. चहाची वेळ झाली तरी उठली नाही. मी हलक्या पायांनी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा ठेवला. साखर कुठं असते हे मला माहीत होतं. गाळणी कुठं असते हे नव्हतं. चहा उतू गेला, त्या वासानं ती जागी झाली, आणि शेगडी पुसता पुसता म्हणाली, "गादी चांगली झाली. थोडी जाड हाये एका बाजूनं." मी ते मुद्दाम केलं असं सांगितलं. खरं म्हणजे निम्मं मुद्दाम होतं.

सौरवबाबूला मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. "पाठीवर झोपणाऱ्यांना द्या. पोटावरच्यांना द्या, मला मानवली. वजनदार माणसांना, म्हाताऱ्यांना द्या, उठायला सोपी जाते. पण कुशीवर झोपणाऱ्या बारीक अंगाच्या माणसाला नका देऊ. आणि जोडप्याला देताना सांगायचं, एक वळला की दुसऱ्याला कळतं."

"पर काकाजी, कुशीवर झोपणारेच तर जास्त असतात."

"हो."

तो बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसला. पुढच्या खेपेला त्यानं कडक गाद्या कमी मागवल्या. मधल्या आणि नरम जास्त ठेवल्या. माझ्यावर त्यानं विश्वास ठेवला की त्या फोटोवर, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी आता चालण्यावरून काही सांगत नाही. गिऱ्हाईक आलं, की विचारतो, "सोबत कोण आहे?" नवरा कसा झोपतो ते बायकोला विचारतो, आईचं मुलीला विचारतो. एकटं कोणी असलं तर म्हणतो, "एक-दोन रात्री लक्ष ठेवा, सकाळी कोणत्या अंगावर जाग येते ते बघा, मग या." त्यातले काही परत येत नाहीत.

आणि जोडपी भांडतात. परवा मानेवाड्याचे एक रिटायर्ड साहेब आले होते, बायकोसोबत. साहेब म्हणाले, "मी एकदम सरळ झोपतो, काठीसारखा." बाई म्हणाल्या, "काठीसारखे? माझ्या अंगावर पाय असतो यांचा. आणि घोरणं तर विचारूच नका." साहेब म्हणाले, ते आयुष्यात कधी घोरलेले नाहीत. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे. मग ते रेकॉर्डिंग शोरूममध्ये, एसीच्या शांततेत, सगळ्यांनी ऐकलं. साहेब काही न घेता बाहेर निघून गेले. सौरवबाबू काचेआडून माझ्याकडे बघत होता. त्याची बोटं टेबलावर होती.

बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, घोरण्यावर एखादी गादी आहे का हो?"

"नाही, ताई," मी म्हटलं. "पण तुम्ही स्वतः कशा झोपता, ते सांगा."

हातातली पर्स त्यांनी खाली ठेवली आणि समोरच्या नरम गादीच्या काठावर बसल्या. "मला," त्या म्हणाल्या, "हे कोणी विचारलंच नव्हतं."